छटा क्रमांक तीन

आमच्या घराण्यात काळं कुणीच नाही. सावळे आहेत, निमगोरे आहेत, गव्हाळ तर पैशाला पासरी. एखादी 'रंगानं जरा दबलेली, पण नाकीडोळी नीटस' अशी निघते, तिचं लग्न ठरेपर्यंत सगळे जिभेवर ताबा ठेवून असतात. माझी आई माझ्याबद्दल सांगायची की पोर उन्हात फिरून रापलीय. हे ती सांगायला लागली तेव्हा मी चार महिन्यांची होते.

मला बघायला अकरा जण आले. अकराही जणांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि 'कळवतो' म्हणून गेले. नकाराचं कारण कुणी सांगितलं नाही आणि मलाही विचारावं लागलं नाही. मग मी नर्सिंगला गेले आणि पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या नाड्या धरण्यात काढली. आसरगावच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाची इन्चार्ज सिस्टर म्हणजे मी, शालन कोरके. माणसं मला फटकळ म्हणतात, त्यात खोटं काही नाही. पण एकदा फटकळपणे बोलायची खरी वेळ आली तेव्हा मी तोंड मिटून बसले. त्याची ही हकिगत आहे.

आधी वाढप्याबद्दल सांगायला हवं. दोन हजार छत्तीस सालच्या साथीत आमच्याकडे प्राणवायू कमी पडला. एका खाटेची नळी काढून दुसऱ्या खाटेला लावताना नातेवाईक एकमेकांच्या उरावर बसले. त्यानंतर प्रत्येक अतिदक्षता विभागात एक यंत्र आलं. कागदावर त्याचं नाव 'स्वयंचलित प्राणवायू वितरण प्रणाली', आणि आम्ही सिस्टर लोक त्याला वाढपी म्हणतो. पंगतीत वाढपी पानांकडे बघत फिरतो, ज्याचा भात संपला त्याला वाढतो, ज्याचं पान भरलेलं त्याला ओलांडून पुढे जातो. हे यंत्र तेच करतं. आमच्याकडे बारा खाटा, बारा नळ्या आणि टाकी एक. कुणाच्या रक्तात किती प्राणवायू आहे ते यंत्र दर सेकंदाला बघतं आणि त्याप्रमाणे नळी सैल सोडतं किंवा आवळतं.

बघतं कसं, तर बोटाला लावलेल्या चिमट्यातून. चिमट्याच्या एका बाजूला दोन दिवे असतात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त. दुसऱ्या बाजूला बोटातून पार झालेला उजेड मोजणारा डोळा असतो. प्राणवायू घेतलेलं रक्त लाल उजेड बराचसा जाऊ देतं, प्राणवायू संपलेलं रक्त तो पिऊन टाकतं. दोन उजेडांचं गुणोत्तर काढायचं आणि ते कोष्टकात बघायचं, की पडद्यावर चौऱ्याण्णव, शहाण्णव असा आकडा उमटतो. गोम त्या कोष्टकात आहे. पूर्वी ते ज्या निरोगी माणसांची बोटं तपासून बनवलं ती बहुतेक गोरी होती. काळ्या कातडीतलं रंगद्रव्य स्वतःच उजेड अडवतं, तोही दोन दिव्यांचा सारखा अडवत नाही. त्यामुळे काळ्या माणसाचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. कधी दोनाने, कधी पाचाने, कधी सात-आठाने. पडद्यावर त्र्याण्णव आणि रक्तात सत्त्याऐंशी, असा माणूस बोलतो, हसतो आणि आतून त्याचं काळीज आणि मेंदू उपाशी राहतात.

हे डॉक्टरांना फार जुनं ठाऊक होतं. पण तेव्हा शंका आली तर मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासत, त्याला आम्ही एबीजी म्हणायचो. वाढपी आल्यावर एबीजी मागे पडली. तिचे संच येईनासे झाले आणि धमनीत सुई घालायचा हात नव्या पोरांना बसलाच नाही. आकडा बघणारं यंत्र आणि नळी सोडणारं यंत्र एकच झालं म्हटल्यावर मध्ये शंका घ्यायला माणूस उरला नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी छटा आणली. एक ते दहा क्रमांक, एक म्हणजे अगदी गोरं, दहा म्हणजे अगदी काळं. क्रमांक माणसाच्या आरोग्यपत्रात टाकायचा, वाढपी तो वाचतो आणि आकड्यातून तेवढी फसवी भर वजा करतो. चांगला उपाय होता. सुरुवातीला चिमट्यातला कॅमेराच छटा मोजायचा. मग सरकार माणसांचे रंग मोजतंय म्हणून मोर्चे निघाले. मोर्चेवाल्यांचंही सगळं चूक नव्हतं, रंग मोजून घेण्याची हौस कुणाला असेल? शेवटी कायदा झाला की छटा कुणी मोजायची नाही, ज्याची त्याने सांगायची. वयाची अठरा पूर्ण झाली की शिबिरात जायचं, दहा पट्ट्यांचा तक्ता समोर ठेवतात, त्यातल्या आपल्या पट्टीवर बोट ठेवायचं.

चाळीस साली आसरगावच्या शाळेच्या व्हरांड्यात शिबिर भरलं आणि नोंदणीला मला बसवलं. रंगाच्या दुकानात भिंतीसाठी असतो तसा तो तक्ता होता. दिवसभरात सहाशे माणसं आली आणि सहाशेतल्या एकाचीही नोंद पाचाच्या पुढे गेली नाही. उसाच्या फडात जन्म गेलेला एक म्हातारा बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिला, मग सुनेने त्याचं बोट धरून चारावर ठेवलं. मी प्रत्येकाला समजावत होते की बाबांनो, हा दवाखान्याचा आकडा आहे, खरा सांगा. माणसं मान डोलवत होती आणि तीनवर बोट ठेवत होती.

दुपारी माझा धाकटा भाऊ लिंबराज आला. बरोबर त्याची बायको रेश्मा आणि थोरली मुलगी सानिका. सानिकाला अठरावं सरलं होतं. माझ्याच वळणाची पोर, रंगही माझाच. तक्त्यावर तिची पट्टी शोधायला कष्ट नव्हते, आठ. तिने बोट आठाकडे नेलंसुद्धा. रेश्माने ते हळूच उचललं आणि माझ्याकडे बघितलं. तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं, की लग्न जुळवणाऱ्या संस्था आता आरोग्यपत्र मागतात. पाचाच्या पुढची छटा असली की स्थळांच्या यादीत मुलीचं नावच येत नाही.

मी माझ्या स्वतःच्या पत्रात आठ लिहिले होते. मला काय, अकरा जण येऊन गेले होते, बारावा यायचा नव्हता. पण सानिकाच्या नावापुढे आठ लिहायला हात उचलेना. मला ते अकरा जण आठवले, त्यांच्या आयांच्या साड्या आठवल्या, पाहुणे गेल्यावर बशा विसळणारी माझी आई आठवली. मी तीन लिहिला. माझं हे लेकरू त्या बशांतून सुटू दे, एवढंच मनात होतं, आणि ते करताना मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

तीनाच्या जोरावर सानिकाला पाच स्थळं आली. मुलगी डोळ्यांसमोर बसलेली, तरी माणसं हातातल्या फोनवरचा आकडा बघत. दोघांनी आकड्याकडे बघून पुन्हा मुलीकडे बघितलं, तेव्हा रेश्माने सांगितलं की कॉलेजला उन्हातून जाते ना. शेवटी मयूर नावाचा मुलगा पसंत पडला. पाटबंधारे खात्यात नोकरी, घरी आई आणि एक बहीण. लग्नात मी हौसेने मिरवले. सानिका सासरी रमली, मला फोन करून भाज्यांच्या कृती विचारायची, आणि मला भेंडीशिवाय काही धड येत नाही म्हणून हसायची.

लग्नाला दीड वर्ष झालं असेल. तापाची एक साथ आली, छातीत उतरणारी. आमच्या बाराही खाटा भरल्या आणि मंगळवारी सकाळी सहाव्या खाटेवर सानिका आली. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, धाप मिनिटाला बत्तीस. मी स्वतः तिच्या बोटाला चिमटा लावला. वाढप्याने आरोग्यपत्र वाचलं, छटा तीन धरली आणि पडद्यावर चौऱ्याण्णव दाखवले. मग शेजारच्या खाटांकडे बघून त्याने तिची नळी थोडी आवळली. त्याच्या हिशेबाने तिचं पान भरलेलं होतं.

काळ्या माणसाचे ओठ बघून काही कळत नाही, जीभ बघावी लागते, डोळ्याची खालची पापणी ओढून बघावी लागते. मी बघितली. चौऱ्याण्णव असलेल्या माणसाची पापणी तशी नसते. मी मनातल्या मनात तीनाच्या जागी आठ घातले, कोष्टक मला पाठ होतं. उत्तर सत्त्याऐंशी आलं.

आमचे डॉक्टर फडतरे वयाने तिशीचे, पोरगा मेहनती. मी त्यांना म्हटलं, हिची एबीजी करू या. त्यांनी पडद्याकडे बघून विचारलं की कशासाठी. मला जे उत्तर द्यायचं होतं ते सोडून मी म्हटलं की मला तिचा रंग बरा वाटत नाही. ते म्हणाले की संच सोलापूरहून मागवावा लागेल, चार दिवस जातील, आणि आकडा तर चांगला आहे. ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्यासमोर जे होतं ते ते वाचत होते.

छटा बदलता येत होती. पण त्यासाठी मूळ नोंद करणाऱ्याने, म्हणजे मी, नोंद चुकीची होती असं लिहून द्यायचं, आणि रुग्ण अतिदक्षता विभागात असेल तर त्याच्या जवळच्या नातेवाइकाच्या फोनवर मंजुरीचा संदेश जायचा. सानिकाचा जवळचा नातेवाईक आता मयूर. त्याच्या फोनवर आलं असतं: छटा तीन ऐवजी आठ, मंजूर आहे का? सांगितल्यापेक्षा वेगळा क्रमांक लिहिणं हा गुन्हा होता, माझी नोकरी गेली असती. त्याचं मला तितकं भय नव्हतं, असं मी आज म्हणते. त्या दिवशी होतं.

मी लिंबराज आणि रेश्माला जिन्याखाली बोलावून सगळं सांगितलं. लिंबराज भिंतीला टेकून खाली बसला. रेश्माने माझे दोन्ही हात धरले.

"आक्का, पडद्यावर चौऱ्याण्णव हायत. डॉक्टर बी म्हणत्यात बरी हाय. चार दिसात घरी येईल. आन् ह्या चार दिसासाठी तिचा जन्माचा संसार मोडायचा? फसवलं म्हणून माघारी धाडतील तिला. तुमच्या पाया पडते."

ती खरंच वाकली. मी तिला उठवलं आणि म्हटलं, बघते काय करायचं ते.

सानिकालाही मी विचारलं. ती टेकून बसली होती, प्रत्येक शब्दाला दम घेत होती. छटेचं सगळं तिला माहीत होतं, त्या दिवशी बोट तिचंच उचललं गेलं होतं.

"आठ लिही की, आत्या," ती म्हणाली. "त्यांनी बघितलंय मला. रोज बघत्यात."

एवढं साधं होतं ते. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हटलं, उद्या बघू, आज आराम कर. आजही रोज सकाळी उठले की हे वाक्य माझ्या आधी उठलेलं असतं.

खरं बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून मी हुशारी केली. पस्तीस वर्षं चिमटे लावलेत, त्यांच्या खोडी मला ठाऊक आहेत. चिमटा बोटावर जरा तिरका बसवला की बाहेरचा उजेड आत शिरतो, दोन्ही उजेड सारखेच होतात आणि आकडा घसरून पंच्याऐंशीच्या आसपास येऊन बसतो. मी चिमटा तिरका केला. आकडा घसरला, वाढप्याने धावत येऊन नळी सैल सोडली, आणि अर्ध्या तासात सानिकाची धाप बत्तिसावरून सव्विसावर आली. मला इतका आनंद झाला की मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. मला वाटलं, कुणाचंही काही न मोडता मी पोरीला वाचवलं.

माझी ड्यूटी आठ तासांची. मी घरी गेले की पुढची सिस्टर येऊन बघायची, चिमटा तिरका दिसायचा, ती तो सरळ करायची. तिने तेच करायला हवं होतं, मीच तिला तसं शिकवलं होतं. आकडा पुन्हा चौऱ्याण्णव, नळी पुन्हा आवळलेली. सकाळी मी येऊन पुन्हा तिरका करायची. बुधवारी मी हे दिवसभर केलं, दर तासाला, तिचं पांघरूण नीट करण्याच्या निमित्ताने.

वाढपी मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर बरं झालं असतं. पंगतीत एखादा माणूस खोटंच पान रिकामं दाखवून पुन्हा पुन्हा मागायला लागला की अनुभवी वाढपी त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो. यंत्रालाही तसंच बनवलं होतं. सहाव्या खाटेचा आकडा मधूनच पंच्याऐंशी होतो आणि चिमटा हलवला की चौऱ्याण्णव होतो, हे त्याने दोन दिवसांत टिपलं आणि निष्कर्ष काढला की या खाटेवरचे खालचे आकडे चिमट्याच्या दोषाचे आहेत, ते धरायचे नाहीत. बुधवारी दुपारपासून त्याने सहाव्या खाटेचे सगळे उतरते आकडे गाळून टाकले आणि पडद्यावर आधीच्या चांगल्या आकड्यांची सरासरी दाखवत राहिला. माझ्या ड्यूटीत चिमटा तिरका केल्यावर नळी सैल होईना तेव्हा मला हे कळायला हवं होतं. मला वाटलं, टाकीत दाब कमी असेल.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी आले तेव्हा पडद्यावर त्र्याण्णव होते. आधीच्या पाळीची सिस्टर म्हणाली, पोरीला चांगली झोप लागलीय. सानिका झोपलेली नव्हती. हाक मारली तर डोळे अर्धे उघडले, मला ओळखलं नाही, आणि भेंडी चिरून ठेवलीय असं काहीतरी पुटपुटली. मी पापणी ओढली. जीभ बघितली. चिमटा सरळ होता, आणि पडदा मला त्र्याण्णव सांगत होता.

मी वॉर्डातल्या संगणकावर बसले आणि लिहिलं की ही नोंद मी केली, जाणूनबुजून खोटी केली, छटा आठ आहे. घाईत दोनदा चुकलं. संदेश बाहेर बाकावर बसलेल्या मयूरच्या फोनवर गेला. मी काचेतून बघत होते. त्याने फोन उचलला, वाचलं आणि मंजूर केलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. शेजारून त्याच्या आईने काय आहे म्हणून विचारलं असावं, त्याने तिला दाखवलं, तिने मान हलवली आणि पुन्हा माळ ओढायला लागली.

छटा बदलली तसा वाढप्याने मागचा सगळा हिशेब पुसून नव्याने सुरुवात केली. आकडा त्र्याण्णवावरून शहात्तरवर आला. सगळ्या घंटा एकदम वाजल्या, नळी पूर्ण उघडली, डॉक्टर फडतरे धावत आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं नंतर सांगते. त्यांनी घशात नळी घातली, मशीनवर घेतलं. कपाटाच्या तळाशी एबीजीचा एक जुना संच सापडला, मी स्वतः तिच्या मनगटात सुई घातली. धमनीचं रक्त लालभडक यायला हवं, ते पिकल्या जांभळासारखं आलं. दोन दिवस उपाशी राहिलेलं काळीज किती तग धरणार? पावणेबाराला ते थांबलं. चाळीस मिनिटं आम्ही छाती दाबली. शेवटची दहा मिनिटं मी एकटीच दाबत होते, आणि डॉक्टर मला थांबा म्हणत होते.

बाहेर येऊन मी मयूरला आणि त्याच्या आईला सगळं सांगितलं, तक्ता, तीन, तिरका चिमटा, काही लपवलं नाही. त्यांनी मला मारलं असतं तर मी मार खाल्ला असता. मयूरच्या आईने हातातली माळ ओटीत ठेवली.

"आमाला काय दिसत नव्हतं का वो, सिस्टर?" ती म्हणाली. "दीड वरीस एका ताटात जेवलो आमी."

रेश्मा माझ्या मागेच उभी होती. तिने ते ऐकलं.

रक्ताचा अहवाल सोलापूरहून तिसऱ्या दिवशी आला, सावडण्याच्या दिवशी. एकाहत्तर. तो मी लेखी जबाबासोबत जिल्ह्याला पाठवला. चौकशी झाली. मला अतिदक्षता विभागातून काढून आरोग्यपत्राच्या खिडकीवर बसवलं, कारण निवृत्तीजवळ आलेल्या बाईला याहून जास्त काय करणार. वाढप्याबद्दल मी विचारलं, की जिल्ह्यातल्या निम्म्याहून जास्त छटा खोट्या असतील, त्यांचं काय. उत्तर आलं की छटा हा नागरिकाचा स्वघोषणेचा अधिकार आहे, त्यात प्रशासन हस्तक्षेप करू शकत नाही, आणि घोषित छटांप्रमाणे यंत्रणा योग्य चालते. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं होतं. तेही खोटं नव्हतं.

मी खिडकीवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: छटा दुरुस्त करून घ्या, जिवाशी गाठ आहे. येणाऱ्या प्रत्येकाला मी सानिकाची गोष्ट सांगितली, नाव घेऊन, माझं नाव घेऊन. माणसं हळहळली, बायकांनी डोळे पुसले. पाच महिन्यांत दुरुस्तीला तिघं आले. त्यातल्या दोघांना चाराचे तीन करून हवे होते.

सहाव्या महिन्यात एका सोमवारी रेश्मा आली. सानिका गेल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती, आणि मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. अर्धी झाली होती. बरोबर धाकटी ईश्वरी होती, तिला आदल्याच दिवशी अठरावं सरलं होतं. ईश्वरी सानिकापेक्षाही एक पट्टी पुढची आहे, नऊ. मी दोघींना आत घेतलं, दार लावलं, तक्ता पुढे ठेवला आणि म्हटलं, बोट ठेव बाळा, खरं ठेव. रेश्माकडे बघून म्हटलं, रेश्मा, निदान तू तरी.

रेश्मा रडली नाही. तिचं रडून संपलं होतं.

"मयूरच्या आईचं बोलणं मी ऐकलंय, आक्का. लग्न झाल्यावर कळलं तर चालतंय, मानसं मानसाला बघत्यात. पर आदी कळलं तर दारातच कुणी येत न्हाई. आदी आकडाच बघत्यात." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "एक पोर माझी दोन दिसात गेली. ही घरात बसून चाळीस वर्सं जाईल. तुमी बसलाव ना. तुमाला ठावं हाय."

मी तिला सांगू शकले असते की माझी चाळीस वर्षं वाईट गेली नाहीत, नोकरी होती, माणसं होती. ते बरंचसं खरंही आहे. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि खिडकीवर बसून मी पुन्हा हुशारी करणार नव्हते.

मग मी ईश्वरीकडे वळले. तुझं पत्र आहे, तुझा जीव आहे, आई सांगते म्हणून करू नकोस, असं म्हटलं. तुझी ताई शेवटी मला आठ लिही म्हणाली होती, हेही सांगितलं. ते मी आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. रेश्माने डोळे मिटून घेतले. ईश्वरी तक्त्यावर वाकली. नऊच्या पट्टीवर तिने हात ठेवून बघितला, पट्टी हाताखाली दिसेनाशी झाली. मला क्षणभर आशा वाटली.

"आत्या," ती म्हणाली, "मी आजारी पडले तर तू असशील की तिथं. तू सांग त्यांना. आता तुला माहीतच आहे."

आणि तिने बोट तीनवर नेलं.

कायद्याप्रमाणे मला नाही म्हणता येत नव्हतं. तिने सांगितलं ते मला लिहायचं होतं. तिचे डोळे माझ्यावर होते, उत्तराची वाट बघत होते, म्हणून मी असेन म्हटलं. मी तीन लिहिला. ईश्वरी वाकून पाया पडली, रेश्माने पदराने तोंड पुसलं आणि बुधवारी पाहुणे येणार आहेत, तुम्ही या, असं मला म्हणाली. माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते आणि ईश्वरीचं सगळं आयुष्य बाकी होतं.